सूफी सिलसिले: माहीमकरणीला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर माहीमचं, मखदूम शाह बाबांच्या दर्ग्यापासून चार गल्ल्या सोडून. घरात कोकणी, शाळा मराठी माध्यमाची. त्यामुळे आधी शाळेतल्या मैत्रिणी, मग ऑफिसमधले सहकारी आणि आता सोसायटीतले शेजारी, सगळ्यांचे प्रश्न माझ्याकडे येतात. माझे नाना गोदीत कामाला होते आणि कादरी सिलसिल्यातले, म्हणजे कादरी गुरुपरंपरेतले, मुरीद (शिष्य) होते. खालची काही उत्तरं त्यांच्याजवळ बसून मिळाली, काही पुढे वाचून. तेच तेच प्रश्न इतक्यांदा आले की एकदा नीट लिहून ठेवावं असं वाटलं.

दर्ग्यात जाणारा प्रत्येक जण सूफी असतो का?

नाही. पंढरीला जाणारा प्रत्येक जण माळकरी असतो का? तसंच हे.

गुरुवारी संध्याकाळी माहीमला किंवा हाजी अलीला जी गर्दी असते ती जियारतीला, म्हणजे दर्शनाला आलेल्यांची. कुणाचा नवस असतो, कुणाच्या घरात दुखणं असतं, कुणी नुसतंच वाऱ्यावर बसायला आलेलं असतं. सूफी मार्गावर चालणाऱ्यानं मात्र कुणा एका मुर्शिदाचा, गुरूचा हात धरलेला असतो. त्यानं नेमून दिलेला पाठ तो रोज करतो: घरी, दुकानात, कामावर जाता-येता. दर्गा सगळ्यांना दिसतो, हा पाठ कुणाला दिसत नाही. म्हणूनच सूफी म्हटलं की लोकांना चादर, ऊद आणि कव्वाली आठवते. नानांना मी वर्षातून फार तर चार वेळा दर्ग्यात जाताना पाहिलं. पहाटेचा त्यांचा वजीफा, म्हणजे हा नेमलेला पाठ, चुकलेला मात्र कधी पाहिला नाही, नळाला पाणी यायच्या वेळेलाही नाही.

'सूफी' हा शब्द कुठून आला?

बहुतेक अभ्यासक तो 'सूफ' या अरबी शब्दापासून आला असं मानतात. सूफ म्हणजे लोकर. सुरुवातीचे विरक्त लोक जाडीभरडी लोकरीची वस्त्रं घालत. या मार्गाला अरबीत 'तसव्वुफ' म्हणतात.

मार्गाचा गाभा समजायला मुसलमान एका प्रसिद्ध हदीसकडे, म्हणजे प्रेषितांच्या वचनाकडे, बोट दाखवतात. प्रेषितांना विचारलं गेलं, 'एहसान' म्हणजे काय? उत्तर असं: अल्लाहची इबादत अशी कर की जणू तू त्याला पाहतो आहेस, तुला तो दिसत नसला तरी तो तुला पाहतोच आहे. नमाज कशी पढायची ते शास्त्र सांगतं. पढताना मन तिथे कसं ठेवायचं हे शिकवण्याचं काम तसव्वुफनं अंगावर घेतलं.

आठव्या शतकात बसऱ्याला राबिया नावाची स्त्री होऊन गेली. नरकाच्या भीतीनं किंवा स्वर्गाच्या लोभानं केलेली भक्ती तिला मान्य नव्हती. अल्लाहवर प्रेम करायचं ते केवळ त्याच्यासाठी. बगदादचे जुनैद (मृत्यू ९१०) यांनी या अनुभवाला शिस्त दिली. त्याच बगदादमध्ये ९२२ साली मन्सूर हल्लाजला 'अनल हक', म्हणजे 'मीच सत्य', म्हटल्याबद्दल ठार केलं, असं सर्वत्र सांगितलं जातं. त्याच्या खटल्यात दरबारी राजकारणही भरपूर होतं. बाराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत इमाम गजाली (१०५८–११११) यांच्यासारख्या मोठ्या धर्मशास्त्र्यानं तसव्वुफला शास्त्राच्या शेजारी मानाची जागा मिळवून दिली होती.

शिया-सुन्नीसारखा सूफी हा तिसरा पंथ आहे का?

नाही. सूफी हा सुन्नी असू शकतो, शियाही असू शकतो; बहुतेक मोठे सिलसिले सुन्नी आहेत. नमाज, रोजा, जकात यांतून सूफीला सूट नाही. एखादा पीर 'आता मला नमाजची गरज उरली नाही' असं म्हणू लागला की नाना म्हणत, 'जिना चढून गच्चीवर गेलास म्हणून जिना तोडतोस काय?'

सिलसिला म्हणजे नेमकं काय?

सिलसिला म्हणजे साखळी. मुर्शिदाला त्याच्या मुर्शिदाकडून, त्याला त्याच्या मुर्शिदाकडून असं मागे मागे जात ही साखळी प्रेषित मुहंमदांपर्यंत पोहोचते. प्रत्येक सिलसिल्यात या नावांची यादी असते, तिला शजरा म्हणतात. शजरा म्हणजे झाड, जसा आपला वंशवृक्ष. नानांचा शजरा घडी घालून कुराणाच्या वेष्टनात ठेवलेला असे आणि ते तो रोज एकदा म्हणत. मला लहानपणी ती नुसती अवघड नावांची माळ वाटायची. पुढे कळलं की ते रोज आपण कुणाच्या हातून काय घेतलं याची उजळणी करत होते.

बहुतेक सिलसिल्यांची साखळी प्रेषितांचे जावई हजरत अलींमधून जाते. नक्शबंदींची मुख्य साखळी हजरत अबू बकर यांच्यातून जाते.

साखळीत शिरायचं ते 'बैअत' घेऊन. मुर्शिदाच्या हातात हात देऊन माणूस तोबा करतो, म्हणजे मागच्या चुकांपासून परत फिरतो, आणि वचन देतो. तो झाला मुरीद. मुरीद म्हणजे इच्छा धरणारा. पुढे मुर्शिदाला योग्य वाटलं तर तो काही मोजक्या मुरीदांना 'खिलाफत' देतो, म्हणजे दुसऱ्यांना बैअत देण्याची परवानगी. इथे मुद्दा नीट लक्षात घ्या: सगळी विद्या पुस्तकात असती तर साखळीची गरजच नव्हती. पुस्तकातून पोहणं शिकता येत नाही, कुणीतरी पोटाखाली हात धरावा लागतो. नाथपंथातली गुरुपरंपरा किंवा गायकीतलं घराणं ठाऊक असलेल्या मराठी माणसाला हे पटकन समजतं.

सिलसिले किती आहेत? सगळ्यांची नावं सांगाल का?

सगळ्यांची नावं सांगण्यात अर्थ नाही, शाखा-उपशाखा धरून ती शेकड्यांनी होतील. भारतात चार मोठे मानले जातात: चिश्ती, कादरी, सुहरावर्दी आणि नक्शबंदी.

चिश्तींचं नाव हेरातजवळच्या चिश्त गावावरून पडलं. भारतात तो सिलसिला रुजवला अजमेरच्या ख्वाजा मोईनुद्दीन यांनी (मृत्यू १२३६). त्यांच्यानंतर दिल्लीचे बख्तियार काकी, मग पंजाबातले बाबा फरीद, मग दिल्लीचे निजामुद्दीन औलिया (मृत्यू १३२५). बाबा फरीदांच्या नावाची रचना शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहे. चिश्तींची ओळख तीन गोष्टींनी: दारी आलेल्याला जेवण, संगीत, आणि सुलतानापासून लांब राहणं. निजामुद्दीनांविषयी सांगतात की सुलतान भेटीला येतो म्हणाला तेव्हा त्यांनी निरोप धाडला, माझ्या घराला दोन दारं आहेत, तो एका दारानं आला तर मी दुसऱ्यानं निघून जाईन.

मुलतानचे सुहरावर्दी शेख बहाउद्दीन जकरिया यांची रीत वेगळी होती. ते राज्यकर्त्यांशी संबंध ठेवत, संपत्ती बाळगत. सत्तेजवळ राहिलं तर लोकांचं भलं करता येतं असं त्यांचं म्हणणं. शाळेत एकाच 'सूफी संत' धड्यात या दोघांना कोंबतात, तेव्हा हा फरक पुसला जातो याचं मला वाईट वाटतं.

कादरी सिलसिला बगदादच्या शेख अब्दुल कादिर जीलानी यांचा (मृत्यू ११६६). भारतीय उपखंडात त्यांना गौस पाक म्हणतात आणि दर महिन्याला चांद्र अकराव्या तारखेला त्यांच्या नावानं 'ग्यारहवी' होते. आमच्या घरी त्या दिवशी खीर असायची आणि पहिली वाटी वॉचमनकाकांना जायची. नक्शबंदी हे बुखाऱ्याच्या बहाउद्दीन नक्शबंद (मृत्यू १३८९) यांचे. त्यांचा जिक्र, म्हणजे नामस्मरण, मुका, मनातल्या मनात.

या चारांशिवाय इराकच्या अहमद रिफाई (बारावं शतक) यांचा रिफाई सिलसिला आपल्या किनाऱ्यावर महत्त्वाचा. त्यांच्यात 'रातीब' होतो: डफाच्या ठेक्यावर अल्लाहचं नामस्मरण, आणि त्या भरात काही फकीर अंगाला शस्त्र टोचून घेतात. पाहणाऱ्याच्या लक्षात शस्त्र राहतं. रातीब म्हणजे मूळ नामस्मरण, हे राहत नाही. तुर्कस्तानातले गोल फिरणारे दरवेश मौलवी सिलसिल्याचे, कोन्याच्या मौलाना रूमींच्या (१२०७–१२७३) परंपरेतले. उजवा तळहात आकाशाकडे, डावा जमिनीकडे: वरून मिळालं ते खाली द्यायचं.

मुरीद झाल्यावर रोज करायचं काय?

हा प्रश्न सगळ्यांत कमी लोक विचारतात, आणि मला तोच सगळ्यांत आवडतो.

मुख्य काम जिक्र, म्हणजे स्मरण. कुराणात म्हटलंय की अल्लाहच्या स्मरणानं अंतःकरणाला शांती मिळते, तोच याचा आधार. मुर्शिद ठरवून देतो कोणतं नाव, किती वेळा, कोणत्या वेळी. मोजायला तसबीह, म्हणजे मण्यांची माळ. जिक्र दोन प्रकारचा: मोठ्यानं केलेला 'जली' आणि मनातला 'खफी'. चिश्ती, कादरी एकत्र बसून मोठ्यानं करतात. श्वासावर बांधलेला जिक्रही आहे, त्याला 'पास-ए-अन्फास' म्हणतात: श्वास सोडताना 'ला इलाहा', म्हणजे दुसरा कुणी ईश्वर नाही, आणि घेताना 'इल्लल्लाह', अल्लाहशिवाय. आधी नकार बाहेर टाकायचा, मग होकार आत घ्यायचा. नाना म्हणत, सुरुवातीला तुम्ही जिक्र करता, मग कधीतरी लक्षात येतं की जिभेनं थांबवलं तरी आत चालूच आहे.

दुसरं 'मुराकबा'. डोळे मिटून, मान खाली घालून, अल्लाह आपल्याला पाहतो आहे एवढ्या एका जाणिवेत बसायचं. ऐकायला सोपं. पाच मिनिटं करून पाहा, मन बाजारात किती चकरा मारतं ते कळेल.

तिसरं, आणि माझ्या मते खरं कठीण, नफ्सशी झगडा. नफ्स म्हणजे 'मी, माझं' म्हणणारा आतला हट्टी जीव. कुराणातल्या शब्दांवरून सूफींनी त्याच्या तीन अवस्था मांडल्या: वाईटाकडे ओढणारा 'अम्मारा', केल्यावर स्वतःला टोचणारा 'लव्वामा', आणि शांत झालेला 'मुत्मइन्ना'. हे नुसतं बसून होत नाही, माणसांत राहून होतं. मुर्शिद अहंकारी मुरीदाला लंगरमध्ये भांडी घासायला किंवा दारातल्या चपला सरळ करायला लावतो. त्या कामात कमीपणा वाटेनासा होईपर्यंत ते चालतं.

कधी कधी 'चिल्ला' असतो, चाळीस दिवसांचा एकांत: कमी अन्न, कमी झोप, कमी बोलणं. हा मुर्शिदाच्या सांगण्याशिवाय करू नये. इंटरनेटवर वाचून खोली बंद करून बसलेली, झोप उडालेली तरुण मुलं मला ठाऊक आहेत. कृपा करून असं करू नका.

मुंबईकराला मात्र नक्शबंदींचं एक सूत्र फार जवळचं वाटावं: 'खलवत दर अंजुमन', गर्दीत एकांत. हात कामात, मन त्याच्याजवळ. त्यांचं आणखी एक सूत्र 'नजर बर कदम', दृष्टी आपल्या पावलावर. इकडेतिकडे पाहत मन उधळू द्यायचं नाही. गुहेत जाऊन बसायची सोय ज्यांना नाही, त्या कारागीर-व्यापाऱ्यांत हा सिलसिला मध्य आशियात फोफावला. दादरच्या पुलावर सकाळी साडेनऊला हे साधलं तर कुठेही साधेल.

कव्वाली इस्लामला चालते का? संगीत हराम आहे ना?

यावर मुसलमानांत हजार वर्षं वाद आहे आणि तो मिटलेला नाही. नक्शबंदी सहसा संगीतापासून दूर राहतात. चिश्तींनी 'समा', म्हणजे भक्तीचं गाणं ऐकणं, हे साधन मानलं. पण ऐकणारे कोण, गाणारा कोण, वेळ-जागा कोणती याच्या अटी घातल्या. सर्वांना सरसकट मोकळीक नव्हती. निजामुद्दीनांचे लाडके मुरीद अमीर खुसरो (१२५३–१३२५) यांचं नाव कव्वालीशी कायमचं जोडलेलं आहे.

शब्दाची गंमत सांगते. कव्वाली 'कौल' या अरबी शब्दापासून आली. कौल म्हणजे वचन, बोल. तोच शब्द आपण कोकणात देवाला कौल लावताना वापरतो.

कव्वालीत एकच ओळ वीस-वीस वेळा का घोळवतात, असंही विचारतात. मैफिलीत कुणाला 'हाल' आला, म्हणजे तो भावावेशात गेला, तर ज्या ओळीवर आला तीच ओळ कव्वाल गात राहतो. ती मध्येच सोडणं त्या माणसाच्या दृष्टीनं धोक्याचं मानतात. सिनेमातली कव्वाली ऐकून तयार झालेल्या कानाला हा ठहराव सुरुवातीला जड जातो.

मुंबईतले दर्गे कोणकोणत्या सिलसिल्यांचे?

इथे थोडी निराशा होईल. हाजी अलींचा शजरा विचाराल तर मिळत नाही, मिळते ती कथा: बुखाऱ्याहून आलेले श्रीमंत व्यापारी, सगळं सोडून वरळीच्या किनाऱ्यावर राहिले, आणि त्यांची शवपेटी समुद्रातून इथल्या खडकाला येऊन लागली. दर्गा १४३१ चा मानतात.

माहीमच्या मखदूम अली माहिमींचं तसं नाही. ते इतिहासात पक्के उभे आहेत आणि मुंबईला त्यांची पुरेशी ओळख नाही ही माझी जुनी तक्रार आहे. त्यांचं निधन १४३१ चं. इंग्रज यायच्या कितीतरी आधी, गुजरातच्या सुलतानांच्या काळात, माहीम हे बंदर होतं. तिथे बसून या माणसानं अरबीत कुराणाचं संपूर्ण भाष्य लिहिलं. कुराणातल्या एका सूरेचा अपवाद सोडला तर प्रत्येकीची सुरुवात 'बिस्मिल्लाह'नं होते. माहिमी प्रत्येक ठिकाणी त्याच शब्दांचा त्या त्या सूरेच्या आशयाला धरून वेगळा अर्थ उलगडतात. अंदलुसियात जन्मलेले इब्न अरबी (११६५–१२४०) यांच्या 'वहदतुल वुजूद'चा, म्हणजे सारं अस्तित्व एकच या विचाराचा, त्यांच्यावर खोल ठसा होता. आम्हा कोकणी मुसलमानांसाठी ते 'कुत्ब-ए-कोकण', कोकणाचा ध्रुव.

लोकांच्या तोंडी मात्र भाष्य नाही, गोष्ट आहे. आईनं रात्री पाणी मागितलं, मुलगा पेला घेऊन आला तर तिचा डोळा लागलेला. उठवायचं कसं म्हणून तो पहाटेपर्यंत पेला धरून उशाशी उभा राहिला. माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीनं ही गोष्ट ऐकून लगेच म्हटलं होतं, 'अगं, हा तर पुंडलिक!' आईबापांच्या सेवेसाठी देवाला विटेवर थांबवणारा पुंडलिक आणि पेला धरून उभे राहिलेले मखदूम, दोघांचे शेजार एकाच सह्याद्रीच्या वर-खाली.

याशिवाय डोंगरीला अब्दुल रहमान शाह बाबा, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या आवारात बिस्मिल्लाह शाह बाबा, कल्याणजवळ डोंगरावर हाजी मलंग. मलंगगडावर नाथपंथीयांचाही दावा आहे आणि तिथली वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या एका ब्राह्मण कुटुंबाकडे राहत आली. त्या वादात मी इथे शिरत नाही. चढण मात्र दोघांना सारखीच आहे.

माहीमच्या उरुसात पोलिसांचं संदल का निघतं?

डिसेंबरात दहा दिवस जत्रा भरते आणि पहिल्या संदलाचा मान मुंबई पोलिसांचा. बँड, डोक्यावर संदलाचं ताट घेतलेले अधिकारी, सगळं रीतसर. माहीम पोलीस ठाणं बाबांच्या राहत्या जागेवर उभं आहे अशी श्रद्धा आहे. संदल म्हणजे चंदनाचा लेप. तो मजारीवर, म्हणजे कबरीवर, चढवतात. 'उरूस' म्हणजे मुळात लग्न. वलीचा, म्हणजे संताचा, मृत्यू हा त्याच्या प्रियकराशी, अल्लाहशी, मीलनाचा दिवस, म्हणून पुण्यतिथीला लग्नाचं नाव. आपल्या गावोगावच्या पिराच्या जत्रेला 'उरूस' म्हणणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं?

मराठी संतांशी सूफींचा काही संबंध आहे का, की हे आजकालचं जुळवून आणणं?

संबंध आहे आणि तो जुना आहे. मुहंमद तुघलकानं १३२७ च्या सुमारास दिल्लीकरांना दौलताबादला हलवलं, त्या लाटेत निजामुद्दीनांचे मुरीद बुऱ्हाणुद्दीन गरीब दख्खनेत आले. खुलताबादला त्यांचा दर्गा आहे. बुऱ्हाणपूर शहराला नाव त्यांचंच. त्यांचे खलिफा, म्हणजे खिलाफत मिळालेले मुरीद, जैनुद्दीन शिराजी यांच्या दर्ग्याच्या आवारात औरंगजेबानं स्वतःची साधी कबर मागून घेतली. गुलबर्ग्याचे बंदे नवाज (मृत्यू १४२२) हेही दिल्लीहूनच आलेले चिश्ती.

आता मराठीकडे या. श्रीगोंद्याचे शेख महंमद हे मराठीत लिहिणारे मुसलमान संत, 'योगसंग्राम'चे कर्ते. त्यांचे गुरू चांद बोधले. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हेही चांद बोधल्यांचेच शिष्य अशी परंपरा आहे, आणि चांद बोधल्यांना कादरी सिलसिल्याशी जोडलं जातं. म्हणजे ही परंपरा धरली तर नाथांच्या गुरुपरंपरेत दोन पावलं मागे गेलं की आपण नानांच्या शजऱ्याच्या एखाद्या फांदीपाशी येतो. हे मला कळलं तेव्हा मी रात्री नानांना उठवून सांगितलं होतं. ते म्हणाले, 'मग? पाणी कुठल्याही ओहोळानं येवो, समुद्र एकच आहे ना?' आणि कूस वळवून झोपले.

अहमदनगरच्या शाह शरीफ पिराच्या आशीर्वादानं झाले म्हणून मालोजीराजांनी मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही हकीकत तर शाळेत आपण सगळ्यांनी ऐकली आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी केळशीच्या याकूत बाबांना मान दिल्याचं कोकणात अजून सांगतात. आणि फकीर, पीर, मलंग, उरूस, ऊद, गलेफ हे शब्द आपल्या बोलीत कुणी मुद्दाम आणून बसवले नाहीत. मुजावर, पीरजादे ही आडनावं तर कोल्हापूर-सांगलीकडे रोजची.

पिराकडे मागणं हे इस्लामविरुद्ध नाही का?

मुसलमानांतच यावर तीव्र मतभेद आहेत. दर्ग्यावर जाणारे म्हणतात, मागतो अल्लाहकडेच; वली हा 'वसीला', त्याच्या प्रेमाचा आधार घेऊन केलेली विनंती. अहले हदीससारखे गट म्हणतात, मध्ये कुणी नको, कबरीवर इमारत नको, चादर नको.

पण 'सूफी विरुद्ध देवबंदी' असं सरळ चित्र रंगवू नका. १८६६ साली देवबंदचा मदरसा उभा करणारे प्रमुख उलेमा स्वतः हाजी इमदादुल्लाह यांचे चिश्ती-साबिरी मुरीद होते. बैअत, जिक्र हे त्यांना मान्य. आक्षेप उरुसातल्या काही रिवाजांवर. बरेलवी परंपरेचे अहमद रजा खान (१८५६–१९२१) कादरी, ते उरूस-फातिह्याचे खंदे समर्थक, पण कबरीला सजदा करायला, म्हणजे डोकं टेकवायला, त्यांनीही सक्त मनाई केली. माझी एक खाला, म्हणजे मावशी, दर्ग्यात पाऊल ठेवत नाही. नाना तिला कधी काही बोलले नाहीत. ते स्वतः जाळीला हात लावून फातिहा म्हणत आणि मागे सरत. डोकं टेकवणाऱ्या माणसाला मात्र हळूच दंड धरून उठवत.

स्त्रियांना आत प्रवेश असतो का?

प्रत्येक दर्ग्याचा रिवाज वेगळा. हाजी अलीला स्त्रिया मजारीपर्यंत जात होत्या, मी स्वतः लहानपणी गेले आहे. २०१२ च्या सुमारास ते बंद केलं. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या कार्यकर्त्या न्यायालयात गेल्या. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ही बंदी घटनेच्या विरोधात ठरवली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बायका पुन्हा आत गेल्या. राबियाच्या मार्गावर बाईला उंबऱ्याबाहेर उभं करणं मला कधीच पटलं नाही, आणि ती दारं उघडली त्या दिवशी मी ऑफिसातून अर्धी रजा टाकून गेले होते.

सूफी म्हणजे शांत, राजकारणापासून दूर, असंच ना?

हे चित्र गोड आहे, पण अपुरं. इराणचं सफवी राजघराणं अर्दबीलच्या सूफी सिलसिल्यातून उभं राहिलं. अल्जीरियात कादरी अमीर अब्दुल कादिर यांनी फ्रेंचांशी पंधरा वर्षं लढा दिला. हाच माणूस पुढे हद्दपारीत दमास्कसला असताना १८६० च्या दंगलीत हजारो ख्रिश्चनांना स्वतःच्या आसऱ्याला घेऊन वाचवता झाला. लिबियात सनूसी सिलसिल्याच्या उमर मुख्तार यांना इटलीनं १९३१ साली फाशी दिलं. सेनेगलमध्ये फ्रेंचांनी मुरीदी सिलसिल्याचे अहमदू बांबा यांना १८९५ साली गॅबनला हद्दपार केलं, शस्त्र न उचलताही. आज तिथल्या तूबा शहरात त्यांच्या स्मरणाला लाखो लोक जमतात. पश्चिम आफ्रिकेत आणि जावात इस्लाम लोकांच्या घरापर्यंत गेला त्यात व्यापाऱ्यांइतकाच या मंडळींचा वाटा.

त्यांचे शत्रूही अनेक रंगांचे. तुर्की प्रजासत्ताकानं १९२५ मध्ये सगळे सिलसिले बेकायदा ठरवले ते आधुनिकतेच्या नावाखाली. सिंधमधल्या सेहवानच्या दर्ग्यात धमालीच्या, म्हणजे तिथल्या भक्तिनृत्याच्या, वेळी फेब्रुवारी २०१७ मध्ये स्फोट घडवला गेला तो धर्माच्या नावाखाली. दुसऱ्या दिवशी पहाटे तिथली घंटा नेहमीप्रमाणे वाजली.

खरा पीर आणि भोंदू ओळखायचा कसा?

लोकलच्या डब्यात 'चोवीस तासांत काम, वशीकरण, मूठकरणी' असे कागद चिकटवणारे बाबा आणि सिलसिला यांचा काडीचा संबंध नाही. पैसे ठरवून घेतो, एकांतात बायकांना बोलावतो, औषध बंद करायला सांगतो, भीती घालतो: यातलं एक जरी दिसलं तरी उठून या, आणि गरज पडली तर पोलिसांत जा. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, तो पिराच्या नावानं फसवणाऱ्यालाही लागू होतो. जुने लोक दोन गोष्टी पाहत: याला इजाजत कुणी दिली, आणि याच्या घरातली माणसं याच्याविषयी काय बोलतात.

मी हिंदू आहे. दर्ग्यात गेल्यावर काय करायचं?

डोकं झाका, रुमाल चालतो. चपला बाहेर. उंबऱ्यावर पाय देऊ नका. फुलं, चादर हवीच असं नाही. कुणी पावती पुस्तक घेऊन मागे लागलं तर नम्रपणे नाही म्हणा. मजारीकडे पाठ न करता दोन पावलं मागे सरून वळा. आपल्या भाषेत, आपल्या देवाचं नाव घेऊन बसलात तरी कुणी उठवत नाही. हाजी अलीला जायचं तर भरतीची वेळ आधी पाहा, मोठ्या भरतीत जायचा रस्ता पाण्याखाली जातो आणि पाणी ओसरेपर्यंत आतच थांबावं लागतं.

तुम्ही स्वतः मुरीद आहात का?

हो. नाना गेल्यावर बऱ्याच वर्षांनी, चाळिशीत. बाईच्या बैअतीला हातात हात देत नाहीत. एका ओढणीचं एक टोक मुर्शिदांच्या हातात होतं, दुसरं पडद्याच्या अलीकडे माझ्या. ते एकेक वाक्य सांगत गेले, मी मागून म्हणत गेले. मग एक घडी घातलेला कागद माझ्याकडे दिला, शजरा. नावं सगळी ओळखीची होती, शेवटची दोन सोडून.

माझा पाठ तीन तसबीहांचा आहे. माहीम ते चर्चगेट स्लो गाडीत तो पुरा होतो.